कॅम्पस इंटरव्ह्यूला बसताय? आधी स्वतःचा रिझ्युमे नीट वाचा

सातवं सेमिस्टर सुरू झालं की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीपीओचे (कॉलेजचे प्लेसमेंट ऑफिसर) मेसेज पडायला लागतात, अमुक कंपनी येतेय, साठ टक्के थ्रूआउट, नो लाइव्ह बॅकलॉग (म्हणजे एकही विषय राहिलेला नको), संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म भरा. मग सगळ्यांची एकदम धावपळ, कुणी दोनशे प्रश्नांची पीडीएफ फॉरवर्ड करतं, कुणी सीनियरचा रिझ्युमे घेऊन त्यात फक्त नाव बदलतं. मी आता कंपनीकडून पॅनलवर बसते, पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या कॉलेजांमधली बरीच मुलं समोर येतात, आणि हुशार मुलं सुद्धा अगदी साध्या ठिकाणी अडकताना दिसतात म्हणून हे लिहितेय. कॉम्प, आयटी आणि ईएनटीसीवाल्यांसाठी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) आहे, मेकॅनिकलवाले पण बसतात त्यांनी पण वाचा.

आधी क्रायटेरियाचं. थ्रूआउट म्हणजे दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि इंजिनीअरिंग, तिन्हीकडे. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी फॉर्ममध्ये बारावीच्या रकान्यात काय भरायचं ते टीपीओला विचारून भरा, अंदाजे काहीतरी टाकू नका. आणि टक्के राउंड-ऑफ करू नका. ५९.६ चे ६० केले तर डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला पकडतात, म्हणजे इंटरव्ह्यू क्लिअर करून पण ऑफर जाऊ शकते.

ॲप्टिट्यूडबद्दल फार बोलत नाही. टाइम-वर्क, प्रॉफिट-लॉस, सिटिंग अरेंजमेंट वगैरे रोज अर्धा तास केलं तरी जमतं, फक्त घड्याळ लावून करा. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत एकाच टेस्टवरून वेगवेगळ्या प्रोफाइल (म्हणजे नोकरीच्या पातळ्या) निघतात, टीसीएसचं निंजा, डिजिटल, प्राइम ऐकलंच असेल. कोडिंग सेक्शन चांगला गेला की वरच्या प्रोफाइलच्या इंटरव्ह्यूला बोलावणं येऊ शकतं आणि पॅकेजमध्ये दुपटीचा फरक पडतो, त्यामुळे तो भाग "जमलं तर बघू" म्हणून सोडू नका. सगळे टेस्ट केस (कोड तपासायची उदाहरणं) पास नाही झाले तरी बऱ्याच प्लॅटफॉर्मवर जेवढे पास झाले तेवढे मार्क मिळतात, सो काहीतरी चालणारं सबमिट कराच.

जावावाल्यांसाठी एक छोटी गोष्ट, कारण टेस्टमध्ये यात फुकटचा वेळ जातो. स्कॅनरने (इनपुट वाचायचं जावातलं साधन) नेक्स्टइंट वापरून आकडा वाचला आणि लगेच नेक्स्टलाइन वापरून नाव वाचायला गेलात तर नाव रिकामंच येतं. आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथेच पडलेला असतो, नेक्स्टलाइन तेवढाच उचलते. मध्ये एक जादाची नेक्स्टलाइन टाकली की झालं काम.

आता मुख्य मुद्दा. टेक्निकल राउंडचा पेपर निम्मा तरी तुम्हीच सेट करता, रिझ्युमेमध्ये. पॅनलवर बसलेल्या माणसाला त्या दिवशी एकामागून एक मुलं बघायची असतात, तो प्रश्न घरून काढून आणत नाही, तुमचा कागद समोर धरतो आणि त्यावरचा शब्द उचलतो. तुम्ही "पायथॉन, जावा, सी प्लस प्लस, रिॲक्ट, मशीन लर्निंग, एडब्ल्यूएस, डॉकर" अशी लाइन लिहिली असेल तर मी डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या गरजांसकट पॅक करून चालवायचं साधन) उचलणार, कारण तिथे बहुतेक वेळा व्हिडिओ बघण्याच्या पुढे काही गेलेलं नसतं. इमेज आणि कंटेनरमध्ये फरक काय एवढाच प्रश्न, आणि समोरचा गप्प. मग बाकीच्या सहा नावांवर पण शंका येते, जी खरं तर चांगली येत असतात. त्यामुळे कागदावरच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून स्वतःला तीन प्रश्न विचारा, हे काय आहे, मी कुठे वापरलं, याच्याऐवजी दुसरं काय वापरता आलं असतं. उत्तर नसेल तर शब्द खोडा. रिझ्युमे छोटा झाला तर होऊ दे, एक पान बास आहे.

प्रोजेक्टचं पण तेच. फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टम, हा प्रोजेक्ट आम्ही इतक्यांदा बघतो की नाव वाचूनच पुढचं पाठ असतं. वाईट नाहीये प्रोजेक्ट, पण त्यावर काय विचारणार ते तरी ओळखा ना. मोबाइलवर मित्राचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला तर हजेरी लागेल का? वर्गात उजेड कमी असेल तर? एकाच वर्गात जुळे भाऊ असतील तर? एका मुलाचे किती फोटो घेतले, ते कुठे ठेवले? नव्वद टक्के ॲक्युरसी म्हणताय तर ती कशावर मोजली, ज्या फोटोंवर ट्रेन केलं त्यांच्यावरच की वेगळ्या? या शेवटच्या प्रश्नाला खूप ग्रुप पडतात. "फोटो धरला तर लागेल हजेरी, आम्ही ते थांबवलं नाही, डोळ्यांची उघडझाप बघून थांबवता येईल" हे उत्तर मला "नाही मॅम, सिस्टम एकदम सिक्युअर आहे" पेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

आणि चार जणांच्या ग्रुपमध्ये तुम्ही काय केलं ते वेगळं सांगा. "आम्ही डेटाबेस बनवला, आम्ही यूआय बनवला" असं चालू राहिलं की मी विचारतेच, यातलं तुझं काय. तुम्ही फक्त रिपोर्ट आणि पीपीटी केली असेल तर इंटरव्ह्यूच्या आधीच्या आठवड्यात ज्याने कोड लिहिलाय त्याला चहा पाजा, त्याच्याकडून लाइन बाय लाइन समजून घ्या आणि एखादा छोटा बदल स्वतः करून बघा, म्हणजे निदान एका भागाबद्दल खरं बोलता येईल.

कोडिंगचा प्रश्न आला की काय करायचं ते एका उदाहरणावर दाखवते. समजा विचारलं, ॲरेमधले (म्हणजे आकड्यांच्या यादीतले) असे दोन आकडे शोध ज्यांची बेरीज दिलेल्या टार्गेटएवढी आहे. ॲरे ८, ३, ५, ११ आणि टार्गेट १४. हा प्रश्न सगळ्यांनी लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची साइट) केलेला असतो त्यामुळे लगेच हॅशमॅप (बघितलेले आकडे टाकून ठेवून झटकन शोधायची जागा) म्हणून कोड लिहायला घेतात. थांबा जरा. आधी विचारा, आकडे निगेटिव्ह असू शकतात का, तोच आकडा दोनदा वापरायचा का, जोडी नसेलच तर काय रिटर्न करू. मग साधी पद्धत तोंडाने सांगा, दोन लूप, प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांबरोबर जोडून बघायचा, ओ ऑफ एन स्क्वेअर, म्हणजे आकडे दुप्पट झाले की काम चौपट. त्यात काय अडचण तेही सांगा, एक लाख आकडे असतील तर जवळपास पाचशे कोटी जोड्या होतात आणि ढोबळमानाने सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया धरल्या तरी पन्नास सेकंद बसावं लागेल. हे बोलायला अर्धं मिनिट लागतं आणि समोरच्याला कळतं की पाठ केलेलं नाहीये.

मग हॅशमॅपवर या, आणि कोड लिहायच्या आधी हाताने चालवून दाखवा. ८ आला, १४ व्हायला ६ पाहिजे, मॅपमध्ये नाही, ८ टाकला. ३ आला, ११ पाहिजे, नाही, ३ टाकला. ५ आला, ९ पाहिजे, नाही, टाकला. ११ आला, ३ पाहिजे, आहे, मिळालं. एकदाच फिरलो, बदल्यात मेमरी जास्त लागली. इथे मी हमखास विचारते की आधी बघायचं आणि मग टाकायचं हा क्रम उलटा केला तर काय होईल? टार्गेट १० आणि ॲरेमध्ये ५ एकदाच असेल तर तो स्वतःशीच जोडी लावेल. ज्याने हाताने चालवलंय त्याला हे लगेच दिसतं. पुढचा प्रश्न पण ठरलेला, ॲरे सॉर्टेड असेल तर? तेव्हा मॅप नको, एक बोट सुरुवातीला एक शेवटी, बेरीज कमी पडली तर डावं पुढे जास्त झाली तर उजवं मागे.

बोलत बोलत सोडवा हे सगळे सांगतात पण करत कोणी नाही. पाच मिनिटं गप्प बसून लिहिलं की मला मदतच करता येत नाही. हिंट द्यायला आम्ही तयार असतो, आणि हिंट घेतली म्हणून मार्क जात नाहीत, हिंट दिल्यावर पण जुन्याच मार्गावर हट्टाने चालत राहिलं की जातात.

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) दुसऱ्या नंबरची सॅलरी काढ हा प्रश्न अजूनही जिवंत आहे, कंटाळा आला पण आहे. सबक्वेरीत सगळ्यात मोठी सॅलरी काढायची आणि बाहेर त्याहून कमी असलेल्यांमधली मोठी, एवढं सगळ्यांना येतं. लिमिट-ऑफसेटने करणार असाल तर डिस्टिंक्ट विसरू नका, दोघांना सारखीच टॉपची सॅलरी असेल तर दुसऱ्या ओळीत परत तीच येते. पाचव्या नंबरची काढ म्हटलं की डेन्स रँक (सारख्या सॅलरीला सारखाच नंबर देणारं फंक्शन). याशिवाय जॉइन्स, नॉर्मलायझेशन, प्रोसेस आणि थ्रेड, ओव्हरलोडिंग-ओव्हररायडिंग एवढं स्वतःच्या उदाहरणासकट पक्कं करा. इनहेरिटन्सला "ॲनिमल आणि डॉग" सांगू नका प्लीज, तुमच्या प्रोजेक्टमधलं युझर-ॲडमिन सांगा.

इंग्रजीबद्दल सगळ्यात जास्त भीती असते, विशेषतः मराठी मीडियममधून आलेल्यांना. टेक्निकल राउंडला मोडकं इंग्रजी चालतं, ग्रामर कोणी मोजत नाही. छोटी वाक्यं करा. फक्त स्वतःची ओळख आणि प्रोजेक्ट हे दोन भाग इंग्रजीत मोठ्याने बोलून सराव करा, मनात नाही, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आणि ओळख म्हणजे आई-वडील काय करतात, हॉबी क्रिकेट, अशी नको. कुठलं कॉलेज, काय बनवलंय, कशात इंटरेस्ट आहे, एक मिनिटात संपवा. ज्या विषयावर प्रश्न यावा असं वाटतं त्यावर ओळख संपवा, बऱ्याचदा पुढचा प्रश्न तिथूनच येतो. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणा, वाटल्यास अंदाज सांगू का विचारा. फेकाफेकी लगेच कळते, आम्ही पण इंजिनीअरिंगच केलंय.

ऑनलाइन असेल तर हॉस्टेलच्या वायफायवर विसंबू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आणि बाजूला एआय उघडून वाचू नका, डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात, उत्तर गुळगुळीत असतं आणि "का" विचारलं की तीन सेकंद शांतता.

एचआर राउंडला सोपं समजून जातात. बंगलोर, चेन्नईला जाल का, नाइट शिफ्ट चालेल का, हे घरी आधी बोलून ठेवा, तिथे हो म्हणून नंतर घरचे पाठवत नाहीत असं सांगायची वेळ आली तर ऑफर आणि कॉलेजशी संबंध दोन्ही खराब होतात. सर्व्हिस ॲग्रीमेंट असेल तर किती वर्षांचं, सोडलं तर किती भरायचे, ट्रेनिंगचा काळ त्यात धरतात का, हे सरळ विचारा, कोणी चिडत नाही. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. आणि ऑफ-कॅम्पसला कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, रजिस्ट्रेशन असं काहीही मागितलं तर तिथून निघा, ती नोकरी नाहीये.

पॅकेजचा हिशोब पण आत्ताच शिकून घ्या. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३.६ लाख म्हणजे महिना ३० हजार, पण हातात तेवढे नाही येत. समजा बेसिक १५ हजार आहे आणि पीएफ १२ टक्क्याने कापतात, तर कंपनीचा पीएफ १८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० हे सीटीसीतच धरलेले असतात, मग तुमचा पीएफ १८००, महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स २०० आणि फेब्रुवारीत ३००. राहिले साडेपंचवीस हजारांच्या जरा खाली, त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किंवा इन्शुरन्स असेल तर अजून कमी. जॉइनिंग बोनस दाखवून सीटीसी फुगवलेला असतो तो पहिल्याच वर्षी असतो, आणि लवकर सोडलं तर बऱ्याच ठिकाणी परत मागतात. दोन ऑफर हातात असतील तर या महिन्याच्या आकड्याची तुलना करा. आणि कॉलेजची वन स्टुडंट वन ऑफर पॉलिसी असेल तर ड्रीम कंपनीची सूट (एक ऑफर असतानाही मोठ्या पॅकेजच्या कंपनीला बसायची परवानगी) किती पॅकेजच्या पुढे लागू होते ते पहिल्या कंपनीला बसायच्या आधीच टीपीओकडून लेखी घ्या, ऑफर आल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो.