परीक्षेच्या दिवसांत झोप आणि अभ्यास यांची सांगड कशी घालावी

दहावी-बारावीच्या वर्षात वेळ अपुरा पडू लागला की पहिली कात्री झोपेला लागते; वास्तविक वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घेतले, तेव्हा तेवढाच वेळ जागे राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर त्यांना अधिक आठवत असल्याचे दिसले. नवी माहिती सुरुवातीला मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागावर अवलंबून असते आणि गाढ झोपेत तिची उजळणी होत ती हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात स्थिरावते.

म्हणून वेळापत्रक आखताना आधी उठण्याची वेळ ठरवावी आणि तिथून मागे मोजावे. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तास झोप लागते. सहाला उठायचे असेल, तर दहापूर्वी दिवा मालवायला हवा. पहाटे चारला उठून अभ्यास करण्याची आपल्याकडची रीत वाईट नाही, पण ती आठच्या सुमारास निजणाऱ्यांसाठी आहे. अकराला झोपलेल्या मुलाला चारला हलवून उठवले, तर त्याची उत्तररात्रीची, स्वप्नांची झोप बुडते. शिवाय अपुऱ्या झोपेच्या मेंदूत दुसऱ्या दिवशीचे नवे धडेही नीट शिरत नाहीत. पालकांनी हा हट्ट सोडावा, असे मला मनापासून वाटते.

पाठांतराचा भाग झोपण्याआधीच्या तासात घ्यावा. उदाहरणार्थ, संस्कृतमधील ‘लता’ शब्दाची रूपे वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठ विभक्त्यांचा तक्ता भरावा, चुका तपासाव्यात आणि झोपावे. सकाळी दात घासून झाल्यावर, पुस्तक न उघडता, तोच तक्ता पुन्हा लिहावा. बहुधा द्विवचनाचा रकाना अडतो; मग तेवढाच वाचावा. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून लिहिणे कितीतरी अधिक उपयोगी पडते.

जागरणासाठी रात्री चहा घेऊ नये. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे नऊच्या चहाचा अंमल दोन वाजताही उरतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून गजराचे साधे घड्याळ वापरावे. दुपारी पेंग आली, तर वीस मिनिटांची डुलकी पुरे. संध्याकाळी मात्र झोपू नये. कित्येक आठवडे झोपच लागत नसेल किंवा घोरताना श्वास अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पेपरच्या आदल्या रात्री नवा धडा उघडू नये. राज्य मंडळाचा सकाळच्या सत्रातील पेपर अकराला असतो, म्हणजे सहाला उठल्यावरही सूत्रे आणि सनावळ्या चाळायला दोन तास सहज मिळतात.