गाणं पाठ झालं, वाचन राहिलं

पहिली-दुसरीचा वर्ग नव्यानेच हाती आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हे दोन्ही वर्ग एकत्र शिकवते.

रुजू झाले त्या वर्षी तक्त्यावर लिहिलेली गाणी मुलं पट्टीने ओळी दाखवत खणखणीत म्हणायची. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलांपुढे मी 'वाचतो', 'वाचते' असं लिहूनही टाकलं होतं. मग एकदा तिसऱ्या ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून एका मुलाला विचारलं, "हा कोणता रे?" त्याने शब्दाकडे पाहिलं आणि पुटपुटत गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं. म्हणत म्हणत त्या शब्दापाशी आला आणि बरोबर सांगितलं. शब्द त्याला कानाने सापडला होता. त्या दिवशी नोंदी खोडल्या आणि गाणं कसं वापरायचं ते पहिल्यापासून शिकायला बसले.

आधी बोटाकडे बघायला लागले. गाणं संथ म्हणायचं आणि प्रत्येक मुलाने आपल्या कागदावर शब्दाशब्दावर बोट ठेवायचं. कुणाचं बोट ओळ संपवून थांबलेलं असतं आणि गाणं अजून दोन शब्द मागे असतं. चालीत शब्द एकमेकांना चिकटतात, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो हे गाताना कळतच नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा मुलांना पहिल्यांदा कागदावरच भेटते. यात आठवडा गेला तरी जाऊ द्या.

गाणं निवडताना भोंडल्याची साखळीची गाणी डोळ्यांसमोर ठेवा. मागच्या ओळीतला शब्द पुढच्या ओळीत येतो, त्यामुळे तोच शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जातो. त्याच धर्तीवर मी वर्गासाठी चार ओळी जुळवल्या:

घर माझं गावात, गाव माझं रानात,
रान भिजलं पाण्यात,
पाणी आलं ओढ्यात,
ओढा गेला गावात.

गाव-गावात, रान-रानात सोपं आहे. मुलं अडखळतात ती पाणी-पाण्यात आणि ओढा-ओढ्यात इथे. 'पाणी'ची वेलांटी जाते आणि दोन्हीकडे जोडाक्षर येतं. दोन्ही रूपं एकाखाली एक लिहा आणि काय बदललं ते मुलांनाच शोधू द्या. सामान्यरूप हा शब्द काढायची काही गरज नाही. माझ्या वर्गात घरी 'पानी' म्हणणारी मुलं बरीच आहेत, ती गातानाही 'पान्यात'च म्हणतात. गाताना मी कधीच टोकत नाही. घरची बोली चुकीची आहे असं मुलाला वाटलं, तर ते तोंडच उघडत नाही. लिहिलेला ण दाखवायला वाचनाची वेळ आहेच.

शाळेत टीव्ही असेल तर एक सांगते. नाचणारी चित्रं असली की डोळे अक्षरांकडे जात नाहीत. पण गाण्याचे बोल त्याच भाषेत खाली उमटत असतील तर त्याचा उपयोग होतो. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी ही कल्पना १९९६ मध्ये मांडली आणि पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये गाण्यांखाली हिंदी बोल दिसू लागले. वर्गात मी आवाज बंद करून तेच गाणं पुन्हा लावते आणि बोल मुलांना म्हणायला लावते.

तरीही खरं काम कात्रीनेच होतं. गाणं पाठ झालं की तक्ता उतरवा, कार्डशीटच्या शब्दपट्ट्या कापा आणि ओळी जमिनीवर लावायला द्या. 'रान'च्या जागी कुणाचं लक्ष नसताना 'पान' ठेवा. जे मूल 'पान भिजलं' असं वाचून दचकतं, ते वाचतंय. जे 'रान'च म्हणून पुढे जातं, त्याला अजून वेळ हवा. त्याला रागावू नका, पुन्हा बोटाकडे या.

गेल्या वर्षी पहिलीतल्या एका अबोल मुलीने पट्ट्या लावता लावता 'घर'पुढे 'आलं' आणि 'ओढ्यात' ठेवलं. बोट ठेवत, चाल न लावता, तिने ते हळूहळू वाचलं, "घर... आलं... ओढ्यात." मग एवढ्या जोरात हसली, की तिसरीची मुलंसुद्धा उठून बघायला आली.