या चुका टाळा: डबल-क्लिकवर चालते, शेड्युलरवर अडते

वाशीच्या एपीएमसीतला गाळा असो की वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप, ऑफिसच्या डेस्कटॉपवर एखादी पायथन स्क्रिप्ट हमखास असते. दिवसाची बिलं गोळा करायची, दुसऱ्या स्क्रिप्टला द्यायची, रिपोर्ट काढायचा. दुपारी डबल-क्लिक केलं की चालते. विंडोजच्या टास्क शेड्युलरवर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीवर टाकली की सकाळी रिपोर्ट गायब. अशा वेळी लगेच कोडमध्ये हात घालू नका. स्क्रिप्ट कोण सुरू करतंय, कुठल्या फोल्डरमधून आणि तिचं आउटपुट कोण वाचतंय, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त घोळ फोल्डरचा. टास्कच्या सेटिंगमधलं ‘स्टार्ट इन’ (कुठल्या फोल्डरमधून सुरू व्हायचं) रिकामं ठेवलं की स्क्रिप्ट सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते आणि ‘बिल.सीएसव्ही’ तिथेच शोधत बसते. तिथे पूर्ण पाथ द्या, पण अवतरणचिन्हं नकोत, पाथमध्ये स्पेस असली तरीही. लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला मॅप केलेला झेड ड्राइव्ह दिसत नाही. सर्व्हरच्या नावासकट नेटवर्क पाथ लागतो. त्या सेशनमधली खिडकीही कुणाला दिसत नाही, म्हणून ‘ओके दाबा’ असा बॉक्स आला तर तो रात्रभर तसाच उभा.

दुसरी चूक चटकन सापडत नाही. मुख्य स्क्रिप्ट दुसरीला पाइप, म्हणजे तिचं आउटपुट आपल्याकडे आणणारी वाट, लावून सुरू करते आणि ‘वेट’ म्हणून ती संपायची वाट बघते. पाइपमध्ये ठरावीकच माल मावतो. लिनक्सवर सहसा ६५,५३६ बाइट. तो भरला की दुसरी स्क्रिप्ट लिहिता लिहिता थांबते, पहिली तिच्या संपण्याची वाट बघत राहते, आणि दोघी लटकतात. रोजचा छोटा रिपोर्ट निघतो, महिनाअखेरचा मोठा निघत नाही, तो यामुळे. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही प्रोसेस दिसतात, सीपीयू शून्य. ‘वेट’ऐवजी वाट बघतानाच आउटपुट वाचत राहणारं ‘कम्युनिकेट’ वापरा किंवा आउटपुट सरळ फाइलमध्ये सोडा. एरर आउटपुटचा पाइपही असाच तुंबतो; बरेच जण तो उघडतात आणि वाचतच नाहीत.

लटकलेली नाही, पण प्रगतीच्या ओळी शेवटी एकदम येतात? पडद्यावर ओळ लगेच दिसते, पाइपमध्ये मात्र पायथन ढीग साठवून पाठवतं. ‘-यू’ लावून चालवा.

आता देवनागरी. पडद्यावर ‘तुर्भे’ नीट छापलं जातं आणि पाइपमध्ये युनिकोड एनकोड एरर येते, कारण पाइपसाठी पायथन विंडोजचं जुनं एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) उचलतं. पायथन ३.७ किंवा पुढचं असेल तर ‘पायथनयूटीएफ८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, आणि ते दोन्ही स्क्रिप्टना लागू आहे ना ते तपासा. एकीकडे यूटीएफ-८ आणि दुसरीकडे जुनं असेल तर कधी एरर येते, कधी अक्षरांचा नुसता कचरा. पाइपमधून कच्चे बाइट ठरावीक तुकड्यांत वाचत असाल तर आणखी एक खाच आहे. यूटीएफ-८मध्ये ‘तुर्भे’ १८ बाइटचं, प्रत्येक चिन्हाला ३. पण ४०९६ला ३ने भाग जात नाही, त्यामुळे तुकड्याच्या टोकाला चिन्ह मधोमध तुटू शकतं. बाइट आधी जोडा, मग डिकोड करा.

राहिला टाइमआउट. ‘कम्युनिकेट’ची मुदत संपली तरी दुसरी स्क्रिप्ट आपोआप मरत नाही. तिला ‘किल’ करायचं आणि उरलेलं आउटपुट काढायला पुन्हा ‘कम्युनिकेट’. ‘शेल=ट्रू’ ठेवलं, म्हणजे दुसरी स्क्रिप्ट कमांड विंडोच्या शेलमार्फत सुरू केली असेल, तर ‘किल’ने शेल मरतं, आतली प्रोसेस मागे उरते, तिने नेटवर्कचं पोर्ट उघडलं असेल तर ते धरून बसते, आणि पुढच्या वेळी पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर येते. ‘नेटस्टॅट -एएनओ’च्या शेवटच्या रकान्यात तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) मिळतो, ‘टास्ककिल’ला तो देताना ‘/टी’ आणि ‘/एफ’ दोन्ही जोडा, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेसही बंद होतील.