क्यूसी लॅबमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी: विरघळवण्याचं काम

बीएस्सी करून औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नेमक्या प्रमाणाचं द्रावण करायला मिळालं. फ्लास्कमध्ये पावडर घेतली आणि सरळ पाणी ओतलं. पावडर वर तरंगायला लागली, काचेला चिकटली. अर्धा तास सोनिकेट केलं (ध्वनिलहरींनी हलवलं), तरी जैसे थे. सीनियर मॅडम आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आधी रेणू काढून दाखव.”

कागदावर काढला आणि उलगडा झाला. रेणूचा बहुतेक भाग तेलकट हायड्रोकार्बनचा, टोकाला एकच कार्बोक्सिलिक ॲसिड गट. साधं पाणी त्याला धरून ठेवू शकत नाही. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम २१ मिलिग्रॅम जातं. मिथेनॉलमध्ये मात्र लगेच विरघळतं. ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्येही (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षाराच्या द्रावणात) जातं, कारण तिथे ॲसिडचा प्रोटॉन निघतो, आयन बनतो आणि आयनाभोवती पाणी गोळा होतं. म्हणून आधी थोडं मिथेनॉल, पावडर पूर्ण विरघळू द्या, मग बफर.

फ्लास्क उजेडाकडे धरून हळूच फिरवा. तळातून बारीक कण वर उठले, तर काम झालेलं नाही. सोनिकेटरमध्ये फ्लास्क कोमट होतो. तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मार्कपर्यंत, म्हणजे फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेपर्यंत भरू नका. मिथेनॉल आणि पाणी एकत्र केलं की बाटली हाताला गरम लागते, ॲसिटोनायट्राइल (हाही एक द्रावक) आणि पाण्याची गार. शिवाय ५०० मिली मिथेनॉल आणि ५०० मिली पाणी मिळून लिटर भरत नाही, कमी भरतं. म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजायची आणि मग मिसळायची.

माझी सर्वात महागातली चूक एचपीएलसीवर झाली. हे यंत्र पंपाने द्रव बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून ढकलतं आणि सॅम्पलमधले घटक वेगळे करतं. फॉस्फेट बफरवरचं काम संपल्यावर घाईत थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल सोडलं. प्रेशर चढत गेलं आणि पंप बंद पडला. पाण्यानेच धरून ठेवलेलं फॉस्फेट पाणी जाताच कॉलममध्ये स्फटिक होऊन बसलं होतं. तो कॉलम परत नीट चालला नाही, आणि त्या दिवशीचे सगळे सॅम्पल दुसऱ्या कॉलमवर पुन्हा लावावे लागले.

तेव्हापासून रन संपला की बफरच्या जागी साधं पाणी घेते, नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्के ॲसिटोनायट्राइल अर्धा तास सोडते आणि मगच ॲसिटोनायट्राइल वाढवते. घरी जायला उशीर होतो, पण सकाळी प्रेशर आदल्या दिवसाइतकंच असतं.