सुरुवातीच्या इस्लामचा अभ्यास: आधी हिजरी सनाशी जमवून घ्या

मराठ्यांच्या इतिहासाकडून मागे मागे सरकत जे सुरुवातीच्या इस्लामपर्यंत पोचतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही त्याच वाटेने आलो. मोडी शिकलो, पेशवाईतल्या कागदांवर थोडाफार हात बसला, मग कागदांवरच्या तारखांतली ही रबिलावल-जमादिलाखर महिन्यांची मंडळी मुळात कुठली, या कुतूहलापायी सातव्या शतकातल्या अरबस्तानात जाऊन पडलो. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज, चार खलिफा, शिया-सुन्नी एवढी तोंडओळख तुम्हाला असणार असं धरून चालतो.

नावांनी पहिल्या आठवड्यात डोकं भणभणेल. भणभणू द्या, सगळ्यांचंच होतं. इब्न म्हणजे अमक्याचा मुलगा, बिन्त म्हणजे मुलगी, अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई. चाळीत 'बंड्याची आई' एवढीच हाक चालते आणि त्या बाईंचं स्वतःचं नाव कुणालाच ठाऊक नसतं, तसं अबू बक्र यांचं झालंय. त्यांचं नाव अब्दुल्ला. आता अब्दुल्ला म्हटलं की इब्न अब्बास, इब्न उमर, इब्न जुबैर, इब्न मसऊद असे सगळेच हात वर करतात. फातिमा म्हटलं की पैगंबरांची मुलगी डोळ्यांसमोर येते, पण अलींच्या आईही फातिमाच (बिन्त असद) आणि उमर यांची बहीणही फातिमाच (बिन्त खत्ताब). म्हणून वहीत नुसतं नाव लिहायचं नाही. बापाचं नाव आणि घराणं जोडूनच लिहायचं.

घराण्याचा आग्रह उगाच धरत नाही. कुरैश ही मक्केची टोळी, आणि तिच्यात बनू हाशिम (पैगंबर, अली), बनू उमय्या (उस्मान, अबू सुफियान, मुआविया), तैम (अबू बक्र, तल्हा), अदी (उमर), मख्जूम (खालिद बिन वलीद आणि कट्टर विरोधक अबू जहल, दोघंही) अशी घराणी. एवढी वंशावळ एका मोठ्या कागदावर काढून भिंतीला चिकटवा. उस्मान यांनी आपल्या नात्यातल्या लोकांना सुभेदाऱ्या दिल्या यावरून असंतोष का पेटला, ६५६ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर मुआविया सूडाचा हक्क का सांगू लागले, हे त्या कागदाकडे बघताच निम्मं समजतं. बाकीचं निम्मं वाचून समजतं.

आता सनाकडे येतो. इथे मी लांबण लावणार आहे, कारण घोडं इथेच पेंड खातं. माझंही खाल्लं आणि बरेच महिने खात राहिलं.

मोडी वाचणाऱ्याला एक सवय लागलेली असते. कागदावर 'सन समान खमसैन मया व अलफ' दिसलं की समान आठ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११५८. त्यात ५९९ मिळवले की १७५७. जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. हा शुहूर सन, आणि शुहूर सन मृगाला बदलतो. म्हणजे तो सौर आहे आणि वर्षानुवर्षं फरक तोच राहतो. मेख अशी की त्याच कागदावरचा 'छ १२ रबिलावल' मात्र चंद्राचा, म्हणजे हिजरी महिना. सन सूर्याचा, तारीख चंद्राची. या मिसळीची सवय झालेला माणूस सातव्या शतकात शिरतो तेव्हा डोक्यात कुठला तरी एक ठरलेला आकडा घेऊनच शिरतो.

असा ठरलेला आकडा हिजरी सनाला नसतो. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, कधी ३५५. सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी तोकडं. त्यामुळे इसवी सनाशी असलेला फरक सतत घटत जातो. सन १ ला तो ६२१ होता. हिजरी ७४५ ला, म्हणजे इ.स. १३४४ ला, ५९९ वर आला. आपल्या शुहूर सनाचे ५९९ तिथेच गोठलेले आहेत! हिजरी १४४५ जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हा फरक ५७८. म्हणून कुणी 'सरळ ५७९ मिळव' किंवा 'सरळ ६२२ मिळव' म्हणालं, तर मान डोलवा आणि पुढे चला.

अंदाजासाठी एक हिशेब बरा आहे. हिजरी सनाला ३३ ने भागा, आलेला भाग त्या सनातूनच वजा करा, उरेल त्यात ६२२ मिळवा. पण हा अंदाजच. करबलाची लढाई घ्या: १० मोहरम ६१. हिशेबाने ५९ आणि ६२२ मिळून ६८१ येतं, आणि ते चूक आहे. हिजरी ६१ हे वर्ष १ ऑक्टोबर ६८० ला सुरू झालं आणि त्याचा मोठा भाग ६८१ मध्ये गेला. मोहरम पहिला महिना, त्यामुळे पैगंबरांचे नातू हुसेन यांची तिथली शहादत ६८० च्या ऑक्टोबरातच पडते. आता उलटं उदाहरण. अलींवर इराकमधल्या कूफ्याच्या मशिदीत वार झाला तो रमजान ४० मध्ये. हिजरी ४० सुरू झालं मे ६६० मध्ये, पण रमजान नववा महिना, तोवर इसवी सन उलटून जानेवारी ६६१ उजाडला होता. ६६० लिहिलंत की मुआवियांच्या राजवटीची सुरुवातही एक वर्ष मागे ओढली जाते, आणि पुढची रांगच्या रांग कलते. म्हणून महिना कळल्याशिवाय इसवी सन लिहायचा नाही. महिना कळत नसेल तर ६८०-८१ असं जोडून लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

अजून संपलं नाही. हा सन हिजरतीपासून मोजतात, पण १ मोहरम १ म्हणजे हिजरतीचा दिवस नव्हे. पैगंबर मक्केहून यसरिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, पोचले ते रबिलावलमध्ये, सप्टेंबर ६२२ ला. सन मात्र त्या वर्षाच्या पहिल्या मोहरमपासून धरला, १६ जुलै ६२२ पासून. आणि हे ठरवलं कुणी? दुसरे खलिफा उमर यांनी, पैगंबरांच्या निधनानंतर पाच-सहा वर्षांनी. बद्रच्या, म्हणजे मुसलमान आणि मक्केकर यांच्यातल्या पहिल्या मोठ्या लढाईत उतरलेल्या कुणालाही आपण 'सन २' मध्ये लढतोय हे माहीत नव्हतं. ते आकडे नंतर मागे लावलेले आहेत.

त्याहून चिवट गाठ अधिक महिन्याची. इस्लामपूर्व अरबांत महिने पुढेमागे करायची चाल होती. तिला नसी म्हणत आणि कुराणातल्या तौबा या सूऱ्यात तिला मनाई आहे. १० हिजरीच्या अखेरच्या हजच्या वेळी, मार्च ६३२ मध्ये, पैगंबरांनी वर्ष बारा महिन्यांचंच हे पुन्हा बजावलं. मग त्याआधीची दहा वर्षं शुद्ध चांद्र होती की मध्ये अधिक महिने पडले होते? अभ्यासकांत यावर एकमत नाही. बद्रची १७ रमजान २ ही तारीख हिजरी-इसवी कोष्टकाने १३ मार्च ६२४ येते आणि पुस्तकांत तीच छापतात. एखाद्या पुस्तकात वेगळी तारीख दिसली तर छपाईची चूक म्हणून खोडू नका. त्या लेखकाने नसीचा हिशेब वेगळा धरला असेल.

मोबाइलवरची तारीख बदलून देणारी ॲप वापरा, मीही वापरतो. पण वार तपासा. पैगंबरांचं निधन १२ रबिलावल ११ ला, सोमवारी, ही रूढ परंपरा. कोष्टकात घातलं तर ७ जून ६३२ येतं आणि तो रविवार निघतो. पुस्तकांत ८ जून असतं, कारण ते सोमवार धरून चालतात. चंद्र डोळ्यांनी बघून महिना लावणाऱ्या समाजात कोष्टक एका दिवसाने चुकलं तर नवल नाही. शिवाय दिवस सूर्यास्तापासून मोजायचा. जुमेरात गुरुवारी का येते ते आठवा: जुम्म्याची रात्र आधी, दिवस नंतर. आणखी एक, काही ॲप सातव्या शतकालाही ग्रेगोरियन तारीख लावतात. त्यांत १ मोहरम १ ही १९ जुलै दिसते. आपल्याला त्या काळची जुनी ज्यूलियन हवी, म्हणजे १६ जुलै. तीन दिवसांचा फरक बघून घाबरून जाऊ नका.

इतकं सांगितल्यावर कुणाला वाटेल की हा सगळा सनच हवेत उभा आहे. तसं नाही. इजिप्तमध्ये सापडलेला एक पपायरस, म्हणजे वनस्पतीपासून केलेला जुना कागद, व्हिएन्नात जपलेला आहे. अब्दुल्ला बिन जाबिर नावाच्या सरदाराने फौजेसाठी ६५ मेंढ्या घेतल्याची ती पावती, ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत. अरबी मजकुरात पन्नास मेंढ्या आणि वर पंधरा असा हिशेब आहे, आणि शेवटी महिना जमादिलावल, सन 'इस्नैन व इशरीन'. मोडीवाल्यांनो, इसन्ने अशरीन! हिजरी हा शब्द तिथे नाही, नुसता सन बावीस. ग्रीक भागातली तारीख स्वतंत्रपणे इजिप्तच्या महिन्याने दिलेली आहे आणि ती २५ एप्रिल ६४३ ला बसते. जमादिलावल २२ तिथेच येतो. उमर यांच्या हयातीतली ही पावती मेंढ्यांचा हिशेब ठेवण्यासाठी लिहिली गेली, सन शाबित करायला नव्हे. म्हणूनच माझा तिच्यावर फार जीव आहे.

उलट कथनग्रंथ बरेच नंतरचे. पैगंबरांचं चरित्र लिहिणारे इब्न इसहाक गेले इ.स. ७६७ च्या सुमारास, आणि त्यांचा मजकूर आपल्याकडे मुख्यतः इब्न हिशाम यांनी संपादून दिलेल्या रूपात येतो. इतिहासकार तबरी गेले ३१० हिजरीत, शव्वालमध्ये, म्हणजे फेब्रुवारी ९२३ (महिना बघा!). तबरींचा गुण असा की एकाच घटनेच्या दोन-तीन हकिकती ते सांगणाऱ्यांच्या साखळीसकट शेजारी शेजारी ठेवतात. या साखळीला इस्नाद म्हणतात. नवख्याला ते रटाळ वाटतं आणि तो साखळ्या सोडून गोष्ट वाचतो. तसं करू नका, निदान पहिलं आणि शेवटचं नाव तरी टिपा.

आचारांनाही सन असतात, हे नोट्समध्ये सहसा नसतं. पाच स्तंभ एका रकान्यात मांडले की सगळं एकाच दिवशी ठरल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात मदिनेत आल्यावरही सुरुवातीला नमाजाचं तोंड जेरुसलेमकडे होतं. सन २ मध्ये किब्ला मक्केकडे वळला, त्याच वर्षी रमजानचे रोजे आले आणि त्याच रमजानात बद्र झाली. सन ९ च्या हजचं नेतृत्व अबू बक्र यांनी केलं, पैगंबर स्वतः हजला गेले सन १० मध्ये. रमजानच्या रात्री तरावीहची नमाज एका इमामामागे लावली उमर यांनी, असं सुन्नी परंपरा सांगते, आणि शिया ती जमातीने पढत नाहीत. जुम्म्याची जादा अजान उस्मान यांच्या काळातली. कुराणाची प्रमाण प्रत तयार करून प्रांतोप्रांती धाडण्याचं कामही त्यांचंच, इ.स. ६५० च्या सुमाराचं. असं एकेक आचार कुठल्या सालात रुजला हे लावून बघितलंत की चार खलिफा निवडणुकीतल्या उमेदवारांसारखे नुसते रांगेत उभे राहत नाहीत. कुणी काय चालू केलं आणि का, ते दिसायला लागतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. परीक्षेआधी फिरणाऱ्या एकपानी सनावळ्यांत हिजरी सन नसतोच, नुसते इसवी आकडे असतात, आणि ते कुठल्या हिशेबाने आले हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. व्हिडिओ बघा, पण जेवताना बघा. मार्गदर्शक शोधताना फार अरबी येणारा हवाच असं नाही. 'हे कुठे वाचलंस?' असं दर वेळी विचारणारा हवा. तसा मिळाला तर त्याची चिडचिड सहन करा. आणि जवळपास मदरशात शिकलेले कुणी मौलवीसाहेब असतील तर निःसंकोच जाऊन बसा. नावं, वंशावळी आणि महिन्यांच्या बाबतीत त्यांची पाठांतरं थक्क करणारी असतात. त्यांच्यासाठी हा विषय श्रद्धेचा आहे हे लक्षात ठेवून प्रश्न विचारा. चहा हमखास मिळतो.

अरबी येत नाही म्हणून मागे हटू नका. महिने आणि अंक तर तुम्हाला मोडीतून येतातच, बाकी लिपी चार-सहा महिन्यांत जमते. फक्त उत्तरपत्रिकेत, प्रबंधात, कुठेही, दोन्ही सन शेजारी लिहायची सवय आजपासून लावा, आणि महिना ठाऊक असेल तर तोही: मोहरम ६१ / ऑक्टोबर ६८०, रमजान ४० / जानेवारी ६६१. तपासनिसाच्या जुन्या नोट्समध्ये ६६० असेल तर एखादा गुण जाईल, तो जाऊ द्या.