सहा टेबलांच्या हॉटेलात ताजा पास्ता

रविवारी दुपारी दीडला जाऊ नका. नौपाड्यातलं आमचं पास्त्याचं हॉटेल म्हणजे सहा टेबलं, एक शेगडी आणि पीठ लाटणारा एक मुलगा. त्या वेळी अर्धं ठाणं राम मारुती रोडवर उतरलेलं असतं. मधल्या वारी साडेबाराला जा. गाडी घरीच ठेवा, स्टेशनवरून चालत येता येतं.

बसल्या बसल्या विचारा, पिठात अंडं आहे का? उत्तर इटलीतल्या बोलोन्याकडच्या पद्धतीत साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं घालून पीठ मळतात, त्यामुळे टॅलियातेले (लांब पट्ट्या) किंवा लझान्या (थरांचा पास्ता) बहुधा अंड्याचाच. सासूबाईंसाठी आम्ही ओरेकिएत्ते मागवतो. हा दक्षिण इटलीतला, नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. अंगठ्याने दाबलेल्या इवल्याशा वाट्या, त्यांच्या खळग्यात सॉस बरोबर बसतो. कडक शाकाहारी असाल तर चीजचंही विचारा. अस्सल पार्मेझानला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, लागतं, आणि तुळशीसारख्या बेसिलच्या पेस्टो सॉसमध्येही ते चीज वाटलेलं असू शकतं.

आता महत्त्वाचं: सगळ्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. ताजा पास्ता दोन-चार मिनिटांत शिजतो आणि ताटलीत राहिला की तितक्याच झटपट सॉस पिऊन त्याचा गोळा होतो. एक प्लेट मागवा, मध्ये ठेवा, सगळ्यांनी काटे घाला. संपत आली की दुसरी सांगा. सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही, त्यांना आपलं ताट आपल्यापुढे लागतं. फोटो काढायचाच तर एक, तोही पटकन.

स्वयंपाक्याचा हात बघायचा असेल तर काचो ए पेपे मागवा. पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, बास. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे चीज मिळून येतं आणि सॉस पास्त्याला धरून राहतो. चीजच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा तळाशी पाणी सुटलं असेल तर प्लेट परत पाठवा, भीड बाळगू नका. कार्बोनारा, म्हणजे अंडं-चीजच्या सॉसचा पास्ता, यात मुळात क्रीम नसतं; पण दिसलं तर मात्र मुकाट्याने खा. त्याशिवाय इथे खपत नाही, असं मालकच सांगतो.

तिखट हवं असेल तर चिली फ्लेक्स तेलातच परतायला सांगा. वरून भुरभुरले की नुसते घशाला लागतात.

पार्सल फक्त लझान्याचं घ्या. संध्याकाळी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केला की खालून छान खरपूस होतो.