शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाची गुणवत्ता कशी तपासावी

केसपेपरवर वेदनेचा आकडा आहे, एवढ्यावरून वेदनाशमन सेवा नीट चालली आहे असे मानू नये. औषध दिल्यावर कोणी रुग्णाजवळ परत जाऊन विचारले का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी तीस जणांचे केसपेपर चिठ्ठ्या टाकून निवडावेत. प्रत्येकात ० ते १० या मापावरील वेदनेचा आकडा, दिलेले औषध, त्याची वेळ आणि फेरनोंद, म्हणजे औषधानंतर पुन्हा विचारून लिहिलेला आकडा, शोधावी. शिरेतून औषध दिले असल्यास सुमारे अर्ध्या तासात आणि गोळी दिली असल्यास सुमारे तासाभरात फेरनोंद अपेक्षित आहे. आकडा ४ किंवा अधिक असूनही पुढे काहीच लिहिलेले नसेल, तर ती त्रुटी समजावी.

आकडा नेमका केव्हा विचारला, यावरही बरेच अवलंबून असते. पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण निपचित पडून असताना २ सांगतो आणि खोकताना ७. दुखण्याच्या भीतीने तो खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून विश्रांतीतील आणि हालचालीतील वेदनेसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. आपल्याकडे अनेक रुग्ण, विशेषतः वयस्कर स्त्रिया, ‘चालतंय’ म्हणून विषय संपवतात. त्यांना झोप लागली का, कुशीवर वळता येते का, असे विचारावे. लहान मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे पाहून गुण देणारी फ्लॅक पद्धत वापरावी.

मात्र आकडा कमी करणे हेच एकमेव उद्दिष्ट ठेवणे घातक आहे. नाडी, तापमान, श्वसन आणि रक्तदाब यांच्या जोडीने वेदनेला ‘पाचवे जीवनचिन्ह’ मानण्याच्या अमेरिकेतील मोहिमेमुळे मॉर्फिनसारख्या ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधांच्या अतिवापराला हातभार लागला, अशी टीका झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती संकल्पना सोडण्याची भूमिका घेतली. त्यामुळे मॉर्फिन दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या श्वसनाचा वेग आणि गुंगीची पातळी नोंदली आहे का, तसेच मॉर्फिनमुळे श्वास मंदावल्यास त्यावर उतारा म्हणून दिले जाणारे नॅलोक्सोन वॉर्डात हाताशी आहे का, हेही तपासावे. उलट बाजूने, मॉर्फिनचा साठा किती दिवस संपलेला होता, हेही मोजावे. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्यांची प्रक्रिया सोपी झाली आहे.

निष्कर्ष प्रथम रात्रपाळीच्या परिचारिकांसमोर मांडावेत, कारण फेरनोंद नेमकी कुठे अडते हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्याशी बोलून एकच बदल ठरवावा आणि तीन महिन्यांनी याच पद्धतीने नवे तीस केसपेपर तपासावेत.